लोहाराचा मुलगा मायकेल फॅराडे

थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅराडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंड देशात, लंडन शहराजवळ न्यूइंग्टन येथे झाला. त्यांच्या वडिलांचे नाव जेम्स व आईचे नाव मार्गारेट होते. वडील लोहार होते. गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी शास्त्रज्ञांची नावे वाटून दिली, तेव्हा फॅराडे मी मागून घेतले. कारण माझे आबा पण लोहारकाम करतात आणि सुट्टीत भाता मीच ओढते.

फॅराडे यांचे वडील सारखे आजारी असत. त्यामुळे घरात फार गरिबी होती. १८०१ साली धान्य खूप महाग झाले. तेव्हा आईने मायकेलला एक पाव दिला आणि तो त्याला आठवडाभर पुरवावा लागला. त्यावेळी ते नऊ-दहा वर्षांचे होते, म्हणजे माझ्याएवढेच. एक पाव आठवडाभर कसा पुरवायचा? मी तर एका दिवसात संपवीन.

त्यांचे शिक्षण थोडेच झाले. लिहायला, वाचायला आणि बेरीज-वजाबाकी करायला आली तेवढ्यात शाळा सुटली. तेराव्या वर्षी ते रीबो नावाच्या पुस्तकवाल्याकडे कामाला लागले. आधी वर्तमानपत्रे पोचवायची आणि मग पुस्तकबांधणी शिकायची. असे सात-आठ वर्षे चालले. पण हा मुलगा नुसता बांधणी करीत नसे, पुस्तक आत काय आहे ते पण वाचायचा. एका जाड ज्ञानकोशात विजेवरचा लेख होता, तो त्यांनी वाचला. जेन मार्सेट नावाच्या बाईंनी रसायनशास्त्र सोपे करून लिहिले होते, ते पण वाचले. मग १८१२ साली त्यांनी घरीच बॅटरी बनवली. तांब्याची सात नाणी, जस्ताच्या सात चकत्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे. एवढ्यावर वीज तयार झाली.

त्याच वर्षी एका गिऱ्हाइकाने त्यांना हम्फ्री डेव्ही या मोठ्या शास्त्रज्ञांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅराडे यांनी ऐकलेले सगळे वहीत उतरवले, आकृत्या काढल्या, वही स्वतःच बांधली आणि डेव्हींना पाठवली. १ मार्च १८१३ रोजी त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. पगार आठवड्याला २५ शिलिंग. राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या, शिवाय कोळसा आणि मेणबत्त्या.

पुढे डेव्ही त्यांना युरोपच्या प्रवासाला घेऊन गेले. तिथे डेव्हींच्या बायको फॅराडेंना गड्यासारखे वागवायच्या. पुढे १८२४ साली फॅराडेंना रॉयल सोसायटीचे सभासद करायचे ठरले, तर विरोध केला खुद्द डेव्हींनीच. तरी ते निवडून आले. मला डेव्हींचा राग आला होता. पण नोकरी पण त्यांनीच दिली होती ना. फॅराडे मात्र त्यांच्याबद्दल नेहमी चांगलेच बोलत.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडाच्या कड्यावर दोन बाजूंनी तार गुंडाळली. एका तारेत वीज सुरू केली किंवा बंद केली की दुसऱ्या तारेत क्षणभर वीज येई. दोन्ही तारा एकमेकींना चिकटलेल्या नव्हत्या! आपल्या गावाबाहेरची डीपी याच तत्त्वावर चालते.

पण मला त्यांचे पाण्यातल्या विजेचे काम जास्त आवडले, कारण ते आम्ही वर्गात पाहिले. गुरुजींनी काचेच्या बरणीत मोरचुदाचे निळे पाणी केले (मोरचूद विषारी असतो, म्हणून आम्हाला लांब बसवले). जुन्या सेलमधल्या दोन काळ्या कांड्या त्यात सोडल्या आणि तारांनी नव्या सेलना जोडल्या. थोड्या वेळाने एका कांडीवर बुडबुडे आले आणि दुसरी तांबूस दिसू लागली. ते खरं तांबं होतं! आणखी वेळ ठेवल्यावर थर आणखी जाड झाला. आमच्याकडे बारीक तराजू नव्हता, म्हणून डोळ्यांनीच पाहिले. फॅराडे यांनी मात्र नीट मोजून १८३३-३४ साली नियम सांगितला की जेवढी वीज जाते, तेवढ्याच प्रमाणात पदार्थ साठतो. वीज दुप्पट गेली तर पदार्थ दुप्पट. पाण्यातून जे कण वीज घेऊन जातात त्यांना त्यांनी आयन हे नाव दिले. हे नाव त्यांनी एका विद्वान मित्राला विचारून ठेवले. त्याचा अर्थ जाणारा.

फॅराडे यांनी १८२५ साली बेंझीन हा पदार्थ शोधला. दिव्याच्या गॅसच्या टाकीत तळाशी तेलकट पाणी राहायचे, त्यातून तो निघाला. बेंझीनपासून ॲनिलीन बनवता येते. १८६२ साली लंडनमध्येच लेथबी नावाच्या डॉक्टरांनी आम्लात ॲनिलीन घालून वीज सोडली, तर प्लॅटिनमच्या पत्र्यावर गडद निळा थर बसला. तेव्हा फॅराडे हयात होते. हा थर म्हणजे पॉलिॲनिलीन. तो प्लास्टिकच्या जातीचा आहे, पण त्यातून वीज जाते. मला हे पटेना. तारेवर प्लास्टिक वीज लागू नये म्हणूनच असते ना? गुरुजी म्हणाले की साध्या प्लास्टिकमधून जात नाही, या जातीतून जाते. विजेने त्यात आयन आत शिरतात, बाहेर येतात आणि त्याचा रंग पण बदलतो, फिकट पिवळा, हिरवा, निळा. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी दुसऱ्या एका प्लास्टिकमध्ये आयोडीन घालून ते धातूसारखे केले. त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. अशी प्लास्टिके संगणकाच्या आतल्या बारीक भागांत वापरतात. पॉलिॲनिलीन घातलेला रंग लोखंडाला लावला की गंज कमी लागतो. हे मी आबांना सांगितले, तर त्यांनी डबा केवढ्याला मिळतो ते विचारले.

फॅराडे गणितात कच्चे होते. हे वाचून मला फार बरे वाटले. पण गुरुजींनी त्यांच्या वहीचं सांगितलं. रोजचे प्रयोग ते लिहून ठेवत आणि परिच्छेदांना क्रमांक घालत. ते क्रमांक १६ हजारांच्या वर गेले. मग मी गप्प बसले.

ते नाताळात मुलांसाठी व्याख्याने देत. मेणबत्तीवरची व्याख्याने तर फार प्रसिद्ध आहेत. त्यांनी सर ही पदवी घेतली नाही, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही दोनदा नाकारले. म्हातारपणी त्यांची स्मरणशक्ती कमी झाली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे ते वारले. मोठमोठ्या लोकांना पुरतात त्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांना जायचे नव्हते. हायगेटच्या दफनभूमीत त्यांची साधी कबर आहे.

आमची तांब्याची कांडी वर्गाच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी गुरुजींना विचारून पाहावी, नखाने खरवडू नये. एका बाजूचे तांबे आधीच गेले आहे.