संत जोन ऑफ आर्क : ऑर्लेआंची वीरकन्या (१४१२–१४३१)

३० मे हा संत जोन ऑफ आर्क हिचा सण. अंगात चिलखत, हाती निशाण आणि घोड्यावर स्वार झालेली तरुणी, असे तिचे चित्र आपण पाहिलेले असते. एका शेतकऱ्याच्या निरक्षर मुलीने फ्रान्सच्या सैन्याला विजय मिळवून दिला, हेही बहुतेकांना ठाऊक असते. परंतु तिला मृत्यूच्या दारी नेणारे न्यायासन एका बिशपांच्या अध्यक्षतेखाली बसले होते, याविषयी आपण सहसा बोलत नाही. तिचे चरित्र सांगताना आम्ही ही गोष्ट टाळणार नाही. कारण तिच्या जीवनाचा खरा बोध तेथेच दडलेला आहे.

फ्रान्सच्या गादीवरून इंग्लंड व फ्रान्स यांच्यात १३३७ साली पेटलेले युद्ध १४५३ पर्यंत चालले. इतिहासात ते ‘शंभर वर्षांचे युद्ध’ म्हणून ओळखले जाते. १४१५ साली आझँकूरच्या लढाईत इंग्रज धनुर्धाऱ्यांनी फ्रेंच सरदारांचे कंबरडे मोडले. १४२० च्या तहाने फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्स राजाने स्वतःच्या मुलाला डावलून इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीला वारस ठरविले. १४२२ मध्ये हे दोन्ही राजे निवर्तले आणि हेन्रीचा तान्हा मुलगा दोन्ही देशांचा राजा म्हणून घोषित झाला. बर्गंडीचा ड्यूक इंग्रजांच्या बाजूला होता, पॅरिस शहर त्यांच्या हाती होते. वारसा नाकारला गेलेला राजपुत्र चार्ल्स राज्याभिषेकाविना लुआर नदीच्या दक्षिणेकडे दिवस कंठत होता.

अशा काळात, १४१२ च्या सुमारास, दोंरेमी या खेड्यात जोनचा जन्म झाला. वडिलांचे नाव जाक, आईचे इझाबेल. घरकाम, सूतकताई, शेतीची कामे आणि गावच्या चर्चमधील प्रार्थना हेच तिचे बालपण. प्रार्थना तिला आईने शिकविल्या. वयाच्या तेराव्या वर्षी वडिलांच्या बागेत तिला प्रथम वाणी ऐकू आली. पुढे तिने सांगितले की, महादूत संत मिखाएल, संत कॅथरीन व संत मार्गारेट हे तिला मार्गदर्शन करीत. प्रथम त्यांनी सदाचरणाची शिकवण दिली. मग राजपुत्राच्या मदतीला जाण्याचा आदेश दिला.

व्होकुलरच्या किल्लेदाराने तिला आधी परत पाठविले. परंतु ती हटली नाही. अखेर फेब्रुवारी १४२९ मध्ये मोजक्या सोबत्यांसह, पुरुषवेशात, शत्रूच्या मुलखातून अकरा दिवसांचा प्रवास करून ती शिनाँ येथे राजपुत्रासमोर उभी राहिली. चार्ल्सने तिच्यावर लगेच विश्वास टाकला नाही. प्वातिए येथे धर्मपंडितांनी सुमारे तीन आठवडे तिची चौकशी केली. तिच्यात काहीही वावगे नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला.

त्यावेळी लुआरच्या उत्तर तीरावरील ऑर्लेआं शहराला ऑक्टोबर १४२८ पासून इंग्रजांचा वेढा पडला होता. हे शहर पडले असते तर दक्षिणेची वाट मोकळी झाली असती. नदीवरील पुलाच्या दक्षिण टोकाचा ‘तूरेल’ हा बुरूज इंग्रजांच्या ताब्यात होता. शहराभोवती त्यांनी गढ्या उभारल्या होत्या. पण वेढा पूर्ण आवळण्याइतके मनुष्यबळ त्यांच्यापाशी नव्हते. पूर्वेकडील बाजू सैल होती. तेथूनच २९ एप्रिल १४२९ रोजी जोन शहरात शिरली. हल्ल्यापूर्वी तिने इंग्रजांना पत्रे पाठवून शांततेने निघून जाण्यास सांगितले. आपल्या सैनिकांना तिने पापनिवेदन करायला लावले. शिवीगाळ आणि लुटालूट तिला खपत नसे. ४ मे रोजी पूर्वेकडील गढी पडली. ७ मे रोजी तूरेलवर चढाई करताना जोनच्या मानेजवळ बाण घुसला. तरीही ती परतली आणि सायंकाळपर्यंत बुरूज पडला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, इंग्रज सैन्य मैदानात उभे राहिले. प्रभूच्या दिवशी आपण होऊन हल्ला करू नये, असे तिने आपल्या लोकांना बजावले. इंग्रज वेढा उठवून निघून गेले.

जूनमध्ये लुआरकाठची जार्जो, मन व बोजांसी ही ठाणी मुक्त झाली. १८ जून रोजी पातेच्या लढाईत इंग्रज धनुर्धाऱ्यांना बचावाचे खुंट रोवण्यास अवधी मिळण्याआधीच फ्रेंच घोडदळ त्यांच्यावर तुटून पडले. यानंतर नॉर्मंडीकडे वळावे, असे काही सरदारांचे मत होते. जोनचा आग्रह रीम्सचा होता. रीम्स शत्रूच्या मुलखात होते खरे, पण तेथील कॅथेड्रलमध्ये पवित्र तेलाचा अभ्यंग झाल्याखेरीज जनता कोणाला राजा मानणार नव्हती. तिचे म्हणणे खरे ठरले. १७ जुलै १४२९ रोजी चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, तेव्हा जोन निशाण घेऊन जवळच उभी होती.

त्यानंतर मात्र उतरण लागली. ८ सप्टेंबर रोजी, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, पॅरिसवर केलेला हल्ला फसला व जोन मांडीला बाण लागून जखमी झाली. २३ मे १४३० रोजी काँप्येन्य येथे बर्गंडीच्या सैनिकांनी तिला पकडले आणि पुढे १०,००० लिव्र घेऊन इंग्रजांच्या हवाली केले. जिला राजमुकुट मिळवून दिल्याचे श्रेय होते, तिच्या सुटकेसाठी राजाने ठोस असे काही केले नाही.

१४३१ च्या जानेवारीत रूआं येथे खटला सुरू झाला. बोव्हेचे बिशप पिएर कोशों हे इंग्रजांचे पक्षपाती होते. चर्चच्या न्यायालयातील आरोपी स्त्रीला चर्चच्या तुरुंगात, स्त्रियांच्या देखरेखीखाली ठेवायला हवे होते. जोनला इंग्रज सैनिकांच्या पहाऱ्यात साखळदंडांनी बांधून ठेवले. तिच्या बाजूने वकील नव्हता. पोपमहोदयांकडे दाद मागण्याची तिची विनंती धुडकावली गेली. ती देवाच्या कृपेत आहे काय, असा पेच टाकणारा प्रश्न तिला विचारण्यात आला. होय म्हणावे तर अहंकार, नाही म्हणावे तर पापाची कबुली! तिने दोन्ही न म्हणता निर्णय देवाच्या हाती सोपविला आणि प्रश्नकर्ते निरुत्तर झाले.

२४ मे रोजी आगीच्या धाकाने तिने माघारीच्या कागदावर खूण केली. आपण हे लपवू नये. संतही भितात. पण काही दिवसांतच तिने पुन्हा पुरुषवेश धारण केला व आपल्या वाणी देवाकडूनच होत्या, असे ठामपणे सांगितले. ३० मे १४३१ रोजी सकाळी तिने ख्रिस्तशरीर स्वीकारले. मग जुन्या बाजारपेठेत तिला जिवंत जाळण्यात आले. जवळच्या चर्चमधून आणलेला क्रूस एका धर्मगुरूने तिच्या दृष्टीसमोर धरला होता. येशूचे नाव घेतच तिने प्राण सोडला. तेव्हा ती सुमारे एकोणीस वर्षांची होती. तिची राख सेन नदीत टाकण्यात आली.

तिची आई मात्र गप्प बसली नाही. पोप तिसरे कॅलिक्स्टस यांच्या अनुमतीने चौकशी उघडली गेली. ७ नोव्हेंबर १४५५ रोजी वृद्ध इझाबेल पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये उभी राहिली आणि तिने आपल्या लेकीसाठी न्याय मागितला. शंभराहून अधिक साक्षी झाल्या. गावच्या बालमैत्रिणी बोलल्या, सैनिक बोलले, पहिल्या खटल्याचे लेखनिकही बोलले. ७ जुलै १४५६ रोजी रूआं येथेच पहिला निकाल रद्दबातल ठरविण्यात आला. १९०९ साली पोप दहावे पायस यांनी तिला धन्य घोषित केले, तर १६ मे १९२० रोजी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी तिला संतपद बहाल केले.

चर्चने तिच्या लढायांना नव्हे, तर तिच्या श्रद्धेला, शुद्ध जीवनाला आणि सद्सद्विवेकाला वेदीचा मान दिला, हे आपण ध्यानात ठेवावे. न्यायासनावर बसलेले विद्वान चुकले, आणि एका निरक्षर मुलीने सत्य सोडले नाही. चूक मान्य व्हायला पंचवीस वर्षे लागली, तीही एका आईच्या चिकाटीमुळे. आपल्या घरात, धर्मग्रामात, संघटनांत आपणही कधी घाईने कोणाला दोषी ठरवितो. एखाद्या मुलीचे, सुनेचे किंवा गरिबाचे म्हणणे पुरते ऐकूनही घेत नाही. संत जोनच्या सणाच्या दिवशी आपण स्वतःला विचारू या : दिलेला निकाल चुकीचा होता, हे कळल्यावर तो बदलण्याची नम्रता आपल्यात आहे काय?