मोठ्या मापाचा पिस्टन

जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचा पिस्टन गेला, तरी जाणता मिस्त्री इंजिन भंगारात काढत नाही. सिलिंडर बोअर करतो, मोठ्या मापाचा पिस्टन आणि नव्या रिंगा बसवतो. होडीला मागून अडकवायचे इंजिन अमेरिकेत लोकप्रिय करणाऱ्या ओले एव्हिनरूडचे आयुष्य मला तसेच वाटते.

१८७७ साली नॉर्वेत जन्मलेला ओले लहानपणीच अमेरिकेत आला. १९०९ मध्ये मिलवॉकीत त्याने दीड अश्वशक्तीचे, सुमारे २८ किलोचे इंजिन विकायला सुरुवात केली. पत्रव्यवहार आणि जाहिराती पत्नी बेस पाही. तिची प्रकृती ढासळली, तेव्हा भरभराटीतल्या कारखान्यातला आपला हिस्सा त्याने भागीदाराला विकला. पाच वर्षे या धंद्यात न पडण्याचे वचनही दिले. बँकेच्या नोकरीत चालते धंदे विकल्याचे कागद मी पुष्कळ पाहिले. त्यात बायकोच्या तब्येतीचे कारण कधी दिसले नाही.

मुदत सरल्यावर त्याने ॲल्युमिनियमचे भाग वापरून दोन सिलिंडरचे हलके इंजिन आणले. जुन्या भागीदाराने ते नाकारले. मग नवराबायकोने ‘एल्टो’ नावाने पुन्हा कारखाना थाटला. १९२९ मध्ये जुनी कंपनीही त्यात सामील झाली. १९३३ साली बेस गेली. पुढच्याच वर्षी ओलेही.