उमर मुख्तार (रह.) : वाळवंटातील मुअल्लिम

लिबियाच्या पूर्वेकडील बरका प्रांतात जन्मलेले उमर मुख्तार (रह.) हे मूळचे कुरआनचे शिक्षक. लहानपणीच पितृछत्र हरपले. जगबूब येथील सनूसी तरीकतच्या केंद्रात त्यांनी दीनी तालीम घेतली आणि पुढे अल-कुसूर येथील झावियाचे ते शेख झाले. झाविया म्हणजे मशीद, मदरसा, मुसाफिरखाना आणि कबिल्यांचे तंटे मिटविण्याचे ठिकाण, असे सर्व एकत्र.

ऑक्टोबर १९११ मध्ये इटलीने लिबियावर आक्रमण केले. पुढच्याच वर्षी उस्मानी सल्तनतने तह करून माघार घेतली आणि मूठभर कबिले एका युरोपीय सत्तेसमोर एकाकी उभे राहिले. १९२२ च्या अखेरीस अमीर इद्रीस इजिप्तला गेले. तेव्हा जबल अखदरच्या डोंगराळ मुलखातील लढ्याची धुरा साठी ओलांडलेल्या या मुअल्लिमांनी सांभाळली.

त्यांच्याजवळ ना तोफा होत्या, ना विमाने. घोडेस्वारांच्या लहान तुकड्या अचानक छापा घालीत आणि डोंगरात नाहीशा होत. परंतु खरे बळ जनतेचे होते. वरकरणी इटलीला शरण गेलेले कबिलेही आपला उश्र गुपचूप मुजाहिदांकडेच पोहोचवीत.

हे मर्म शत्रूनेही ओळखले. १९३० मध्ये जनरल ग्राझियानीने झाविये बंद केले, त्यांच्या मालमत्ता जप्त केल्या, शेखांना हद्दपार केले. सुमारे एक लाख स्त्री-पुरुष व मुले गुराढोरांसह छावण्यांत कोंडली गेली; भूक आणि रोगराईने हजारो मृत्युमुखी पडले. इजिप्तच्या सीमेवर काटेरी तारांचे लांबच लांब कुंपण उभारून रसद तोडण्यात आली.

११ सप्टेंबर १९३१ रोजी जखमी उमर मुख्तार पकडले गेले. १५ तारखेला बेनगाझीत नाममात्र खटला झाला आणि दुसऱ्याच दिवशी सुलूक येथे हजारो कैद्यांच्या डोळ्यांदेखत, सत्तरी पार केलेल्या या वृद्धाला फाशी देण्यात आली. (इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.)

रणांगणावर लिबिया हरला, हे खरे. त्याची किंमत निःशस्त्र कुटुंबांनी मोजली, हेही विसरता येत नाही. मात्र २४ डिसेंबर १९५१ रोजी तोच देश स्वतंत्र झाला. सब्र म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे, तर हक्कावर पाय रोवून उभे राहणे होय. आक्रमकाने बंदुकांच्या बरोबरीने मदरशांचीही धास्ती घेतली होती. लहान राष्ट्राचा खरा किल्ला कोठे असतो, हे यावरून उमगावे.