गाडगेबाबा: पंढरीला जायचे, पण विठ्ठलाच्या दर्शनाला नाही

धर्माने समाजाचं भलं होतं की वाटोळं? गाडगेबाबांनी दोन्ही अगदी जवळून पाहिलं होतं.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. देवापुढे बोकड कापायचा, मग दारूची पंगत, ही भोवतालची रीत. मुलीच्या बारशाला त्यांनी ती मोडली आणि गोडाचं जेवण घातलं. १९०५ मध्ये घर सोडलं.

दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. कर्ज काढून तीर्थयात्रा कशाला, मुक्या जनावराचा बळी कोणता देव मागतो, शिवाशिव कुणी सांगितली, असे प्रश्न ते भाविकांनाच विचारत. (त्यांना नास्तिक ठरवणाऱ्या पोस्ट फिरतात, पण गजर गोपाळाचाच असायचा.)

लोकांनी दिलेल्या पैशातून देऊळ नाही, धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरात दलित वारकऱ्यांना कुणी उतरू देत नसे, म्हणून तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली.

६ डिसेंबर १९५६ ला आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, अमरावतीजवळ, बाबाही.