दादासाहेब फाळक्यांच्या आगकाड्या

त्र्यंबकेश्वर येथे 30 एप्रिल 1870 रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. पुढे सारे लोक त्यांना दादासाहेब या नावाने ओळखू लागले. वडील संस्कृतचे गाढे पंडित होते. त्यामुळे पुराणांतील कथा लहानपणापासूनच धुंडिराजाच्या कानांवर पडत असत. त्याला चित्रकलेचीही मोठी आवड होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्याने शिक्षण घेतले. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग अशा अनेक कला दादासाहेबांनी आत्मसात केल्या.

परंतु या गुणांच्या मानाने त्यांना स्वास्थ्य लाभले नाही. गोध्रा येथे ते छायाचित्रकाराचा व्यवसाय करीत असताना प्लेगची साथ आली आणि तीत त्यांची पत्नी व मूल दगावले. पुढे त्यांनी पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, छापखाना काढला, मुद्रणकलेचे अधिक ज्ञान मिळविण्यासाठी जर्मनीचा प्रवास केला. पण भागीदारांशी पटेना, म्हणून चांगला चाललेला छापखानाही त्यांनी सोडला. चाळिशी उलटली होती आणि हाती उद्योग नव्हता.

अशा स्थितीत 1911 साली मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताची कथा हलत होती आणि दादासाहेबांच्या डोळ्यांपुढे राम व कृष्ण उभे राहत होते. आपल्याकडील कथा अशा पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने त्यांची झोप उडाली. या कथांना आपल्या देशात तोटा नव्हता. बारामतीस राहून मोरोपंतांनी अठराव्या शतकात महाभारत, रामायण आणि कृष्णचरित्र आर्यांत गुंफले होते. बारामती-इंदापूरकडच्या देवळांत आणि साऱ्या महाराष्ट्रात कीर्तनकारांच्या मुखाने या कथा घरोघरी पोचल्या होत्या. अक्षरशत्रू माणसालाही त्या तोंडपाठ असत. आजवर कानांनी ऐकलेल्या या कथा आता लोकांना डोळ्यांनी दाखवाव्यात, असा ध्यास दादासाहेबांनी घेतला.

ते रोज चित्रपट पाहत आणि रात्री जागून त्याविषयीची पुस्तके वाचीत. या अतिश्रमाने त्यांची दृष्टी गेली. चित्रकाराची दृष्टी जावी, यापरते संकट कोणते? सुदैवाने एका डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली. डोळे उघडताच त्यांनी पुन्हा तेच काम हाती घेतले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तेथे चित्रपटाचे तंत्र समजून घेतले आणि कॅमेरा खरेदी करून परतले.

आता चित्रपटासाठी भांडवल हवे होते. पण कधी न पाहिलेल्या धंद्यात पैसा कोण घालणार? तेव्हा दादासाहेबांनी एक युक्ती योजिली. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा पक्का बसविला. ठरावीक वेळाने ते कुंडीचे एकच चित्र टिपीत आणि थांबत. असे महिन्याहून अधिक काळ चालले. ही सारी चित्रे पडद्यावर एकापाठोपाठ एक पडली, तेव्हा पाहणारे थक्क झाले. मातीतून अंकुर वर आला, पाने उलगडली आणि पाहता पाहता रोपटे डोलू लागले! या लहानशा पटाने सावकाराचा विश्वास संपादन केला. उरलेली गरज सरस्वतीबाईंनी भागविली. दादासाहेबांच्या या दुसऱ्या पत्नीने आपले दागिने गहाण ठेवावयास दिले. इतकेच नव्हे, तर काळोख्या खोलीत बसून फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे किचकट काम त्या शिकल्या आणि कामावरील साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनीच सांभाळला.

अशा कष्टांतून तयार झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. स्त्रिया काम करावयास तयार नसल्यामुळे तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली होती. रोहिदास झाला होता दादासाहेबांचाच मुलगा भालचंद्र. लोकांनी चित्रपटगृहाकडे रीघ लावली.

यशाचे दिवस फार टिकले नाहीत. 1914 साली युरोपात महायुद्ध पेटले. परदेशातून येणारी कच्ची फिल्म दुर्मिळ झाली आणि पैसा देणाऱ्यांनी हात आखडले. मोठा चित्रपट काढणे कठीण होऊन बसले. दुसरा एखादा हातावर हात ठेवून बसला असता. दादासाहेबांनी मात्र 1915 च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा पट काढला. त्यात नट नव्हते, भरजरी पोशाख नव्हते. पात्रे होती ती साध्या आगकाड्यांची!

निर्जीव काडी पडद्यावर चालते कशी? काडी मांडून तिचे एक चित्र घ्यावयाचे, मग ती केसभर सरकवून दुसरे घ्यावयाचे, पुन्हा सरकवून तिसरे. मूकपटांच्या काळी सेकंदाला साधारणपणे सोळा चित्रे पडद्यावर पडत. म्हणजे एका मिनिटाच्या खेळासाठी नऊशे साठ चित्रे लागत. मध्येच हाताचा धक्का लागला, तर सारे श्रम वाया! कुंडीतल्या वाटाण्याने जी चिकाटी शिकविली, तीच येथे उपयोगी पडली. याच काळात दूर रशियात लाडिस्लास स्टारेविच नावाचा पोलिश कुळातील कलावंत मेलेल्या भुंग्यांच्या अंगाला तारेचे पाय जोडून त्यांना चालवीत होता आणि मुंगी व नाकतोडा यांची जुनी गोष्ट पडद्यावर सांगत होता. देश वेगळे, भाषा वेगळ्या. पण धीर मात्र एकच.

पुढे दादासाहेबांनी ‘लंकादहन’ (1917) आणि ‘कालियामर्दन’ (1919) हे चित्रपट काढले. कालियाच्या फणांवर नाचणारा बाळकृष्ण म्हणजे त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी होती. चित्रपट बोलू लागल्यावर मात्र ते मागे पडले. 1937 सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. उतारवयात लोकांना त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. भारत सरकारने 1969 पासून त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला.

‘आगकाड्यांची मौज’ हा पट आज उपलब्ध नाही. परंतु आपल्या देशात चलच्चित्रांतून सांगितलेली गोष्ट जेव्हा जेव्हा मुले पाहतात, तेव्हा तिच्या आरंभी एका कुंडीतला वाटाणा आणि मूठभर आगकाड्या असतात. साधने तुटपुंजी असतानाही हातचे काम न सोडणाऱ्या एका माणसाने त्यांना चालावयास शिकविले होते.