पंडिता रमाबाई : दुष्काळातून मुक्तीकडे

माळव्यात पावलोपावली पाणी, तिथे दुष्काळ येत नाही, असे जुनी माणसे सांगत. 1899 साली पावसाने दगा दिला आणि शिंदे सरकारच्या उज्जैन भागातही ती समजूत खोटी ठरली. गुजरात, राजपुताना, माळवा, सगळीकडे हाहाकार उडाला. उज्जैनच्या विक्रमादित्याच्या नावाने जो संवत चालतो, त्याचे ते 1956 वे वर्ष. म्हणून लोक त्याला छप्पनिया काळ म्हणू लागले. त्या वेळी पुण्याच्या पूर्वेस केडगावी एका विधवा बाईने उपाशी मुलींसाठी दार उघडे ठेवले होते. दुष्काळ म्हणजे काय हे तिला कोणी सांगावे लागत नव्हते.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये हा दंडक मोडून त्यांनी पत्नीला शिकवले आणि त्या माउलीने रमेला. कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत पुराण सांगे. 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. दानधर्मात पैसा सरलेला, मजुरीची सवय नाही, भीक मागण्याची लाज. रानातला पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले. आई तापाने फणफणली, तेव्हा सोळा वर्षांची रमा शेजारच्या घरी भाकर मागायला गेली, पण तोंडातून शब्द फुटेना. भाकरीचा तुकडा मिळाला, तो खाण्याची शक्ती आईत उरली नव्हती. तिच्यामागून थोरली बहीणही गेली.

शब्बाथशाळेत ही गोष्ट सांगताना आपण बहुधा इथून एकदम मुक्तिसदनावर येतो. मधली वर्षे गाळू नयेत असे मला वाटते. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले खरे. पण 1880 मध्ये सोबतीचा एकुलता भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. 1882 च्या आरंभी पटकीने तेही गेले. मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसापासून सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला, पण ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षे लागली, असे त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत सांगितले. 1889 मध्ये मुंबईत उघडलेले शारदासदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. विधवा मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून 1893 मध्ये मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातील थोर गृहस्थांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. उभे केलेले घर पुन्हा रिकामे होऊ लागले.

आणि मग 1896 अखेर मध्य प्रांतातील दुष्काळाची बातमी आली. हाती पैसा नव्हता. पण स्वतःचे ते जुने दिवस आठवून बाई निघाल्या. अन्नछत्रांतील मुलींची दशा पाहिली आणि पुढच्या काही महिन्यांत 300 जणींना आणले. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवू देईनात. केडगावला फळझाडांसाठी घेतलेली जमीन होती. तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्तिसदनाचा जन्म हा असा, मांडवाखालचा! छप्पनिया काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि वस्ती दीड हजाराच्या वर गेली. विहिरी खणल्या, शेती झाली, विणकाम चालले, आंधळ्या मुलींनाही वाचायला शिकविले.

टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई देव करून देईल, असे अभिवचन योएलच्या पुस्तकात आहे. रमाबाईंना आईवडील परत मिळाले नाहीत. ज्या वयात त्या पाला खात होत्या, त्याच वयाच्या मुली मात्र त्यांच्या पंगतीला बसून भाकर खात होत्या. भरपाई हा शब्द मी त्या पंगतीकडे पाहून वाचतो.

शेवटची सुमारे अठरा वर्षे बाईंनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र आणण्यास दिली. त्यासाठी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. 1921 च्या जुलैत मनोरमा वारली. काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई निवर्तल्या. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच मुली खिळे जुळवीत होत्या. 1924 साली तो ग्रंथ पूर्ण छापून बाहेर पडला.