सर साहिबसिंग सोखी

बेलपाड्यातील मनुष्याने रक्त तपासून घेतले, तर अहवालाच्या कागदावर एकाशेजारी एक असे दोन आकडे येतात. एक त्याच्या स्वतःच्या रक्ताचा, दुसरा निरोगी मनुष्याच्या रक्ताचा. हा दुसरा आकडा कोणाच्या रक्तावरून ठरवावा? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी मुंबईत प्रत्यक्ष मोजणी करून शोधले, त्या साहिबसिंग सोखी ह्यांचे हे अल्पचरित्र आहे.

त्यांचा जन्म 1887 साली पंजाबात झाला. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. पुढे परळच्या हाफकिन संस्थेत ते आले आणि 1932 साली तिचे पहिले भारतीय संचालक झाले. 1949 पर्यंत ती धुरा त्यांनी वाहिली.

त्या काळी हिमोग्लोबिन बहुधा शेकड्यात सांगत. परंतु शंभर म्हणजे नेमके किती, हे यंत्रागणिक निराळे असे, आणि तुलनेची कोष्टके प्रायः युरोपातील लोकांच्या रक्तावरून तयार झालेली असत. अशा मापाने आपल्या लोकांची परीक्षा केल्यास निरोग्यास रोगी ठरविण्याचे भय होते. उलटपक्षी, आपल्या लोकांचे रक्त स्वभावतःच फिके असे मानून स्वस्थ बसावे, तर खऱ्या रोग्याची उपेक्षा झाली असती. मुंबईतील गरीब गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयावर लूसी विल्स ह्या इंग्रज विदुषीने 1928 पासून संशोधन केले. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. अर्थात ती उणीव जातीची नसून आहाराची होती.

म्हणून आधी निरोगी मनुष्याचे रक्त जाणणे अगत्याचे होते. सोखी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील निरोगी स्त्रीपुरुषांच्या रक्तातील हिमोग्लोबिन मोजले, तांबड्या पेशींची संख्या व आकार तपासले, आणि 1937-38 च्या सुमारास हे कार्य प्रसिद्ध केले. अशा कामात खरी कसोटी निवडीची असते. अर्धपोटी किंवा जंतांनी पीडलेली माणसे निरोगी म्हणून मोजली, तर दारिद्र्यच प्रमाण ठरते आणि भूक कागदावरून नाहीशी होते.

प्लेगवर सल्फाथायझोल ह्या औषधाचा प्रयोगही सोखींनी केला. पुढे त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेत उच्चपद भूषविले, आणि 1952 पासून काही वर्षे ते राज्यसभेचे सभासद होते. त्यांच्या पत्नी लीला ह्या मेनका ह्या नावाने कथक नृत्यात विख्यात झाल्या. 1971 साली सोखी निवर्तले.

आज जागतिक आरोग्य संघटना 100 मिलिलिटर रक्तात पुरुषास 13 आणि गर्भवती नसलेल्या स्त्रीस 12 ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय मानते. बालकांनो, आपल्या आईच्या अहवालातील आकडा त्याहून कमी दिसला, तर आपल्याकडे असेच असते असे म्हणून तो कागद घडी घालून ठेवू नका. तिला वैद्याकडे न्या. माप पारखून घ्यावे, परंतु उणीव दिसल्यावर तिला स्वभाव म्हणू नये, हाच ह्या चरित्राचा बोध होय.